शिवणखात्यातला लंबक

१

तार ऑफिसातल्या घड्याळवाल्या बाईला सगळे लवंगी म्हणत. मिरचीवरून म्हणत की फटाक्यावरून, हे तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाई उंचीनं बेताची, खांद्याला अवजारांची पिशवी, काखेत घडीची शिडी आणि तोंडाचा पट्टा सदा सुरू. कोर्ट, दवाखाना, स्टेशन, बँक, गणवेश शिवायचा कारखाना, जिथं जिथं तार ऑफिसचं घड्याळ टांगलेलं होतं तिथं दर आठवड्याला तिची फेरी असायची आणि ती येऊन गेली हे कुणाला सांगावं लागत नसे.

या घड्याळांना चावी नव्हती. तार ऑफिसच्या तळघरात एक मोठं घड्याळ होतं. त्याच्या लंबकाच्या दर ठोक्याला विजेचा एक बारीक झटका निघायचा आणि तारांवरून गावभर पोचायचा. इतर प्रत्येक घड्याळाच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं. झटका आला की ते वेटोळं आपल्या लंबकाला ओढायचं. मागं रेंगाळणाऱ्याला पुढं आणायचं, पुढं पळणाऱ्याला आवरायचं. लवंगीनं जाऊन फक्त ऐकायचं. एका कानाला तारेला जोडलेली ऐकायची डबी लावून तारेतून येणारा तळघरातला ठोका ऐकायचा, दुसऱ्या कानानं समोरच्या लंबकाचा, आणि दोन्ही एकावर एक पडतात ना, हे पाहायचं. नाही पडले तर लंबकाच्या गोळ्याखालची चक्री जराशी फिरवायची.

ऐकायला शांतता लागते, आणि शांततेवरूनच तिची सगळी भांडणं व्हायची. कोर्टात ती वकिलांना गप्प करायची. दवाखान्यात खोकणाऱ्यांवर डोळे वटारायची. पण खरी जुंपायची ती कारखान्यात. तिथलं शिवणखातं म्हणजे एक लांबलचक हॉल, पायमशिनांच्या रांगाच रांगा, आणि सगळ्या मशिनी सुरू असल्या की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नसे. मशिनी थांबवा म्हटलं की मॅनेजरच्या कपाळावर आठ्या.

"बाई, तुमच्या घड्याळापायी माझा माल अडतो."

"अडू द्या. बायकांचं जेवण अडवताना तुम्हाला काही वाटत नाही ते?"

हे दर आठवड्याचं होतं. त्यात पुन्हा त्या बायकांमध्ये लवंगीची धाकटी बहीण होती. आई-वडील गेल्यापासून घरात दोघीच. धाकटीला लवंगीनंच लहानाचं मोठं केलं, आणि आयुष्यात जिच्यावर तिनं आवाज चढवला नाही असं माणूस हे एकच. धाकटी म्हणजे अखंड बडबड. एक गोष्ट सुरू करायची, मध्येच दुसरीत शिरायचं आणि तिसरीवर हसायचं. गायची तर इतकी बेताल, की शेजारीण खिडकी लावून घ्यायची.

त्या दिवशी मॅनेजर दारातच उभा होता, आणि चक्क हसत होता. "आज मशिनी थांबवायला नकोत," तो म्हणाला. "वर चढून बघा तर खरं."

याला आता चांगला फैलावर घ्यायचा असं ठरवूनच लवंगीनं शिडी लावली. वर चढली, घड्याळाची पेटी उघडली, डबी कानाला लावली. ठोक्यावर ठोका. केसाचाही फरक नाही. पेटी बंद करून ती खाली आली, शिडीची घडी घालायला लागली, आणि तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. मशिनी चालूच होत्या. सगळ्याच्या सगळ्या. तरी तिला ठोका ऐकू आला होता.

तिनं वळून पाहिलं. हॉलभरच्या पायपट्ट्या एकदम खाली जात होत्या. सुया एकदम धावत आणि एकदम थांबत. त्या थांबण्यात एवढीशी रिकामी जागा राही, आणि बरोबर त्या जागेत वरच्या लंबकाचा ठोका पडत होता. एकही बाई बोलत नव्हती. धाकटीसुद्धा मान खाली घालून शिवत होती, आणि बहीण आली आहे हे तिला माहीत असल्याचं तिच्या पाठीवरून तरी दिसत नव्हतं.

"शिस्त," मॅनेजर म्हणाला. "तुमच्या घड्याळामुळं या आठवड्यात आपोआप लागली. मी काही केलं नाही."

"तुम्ही कधी काही करता का," लवंगी म्हणाली आणि निघाली. पण बोलण्यात नेहमीची धार नव्हती, हे तिचं तिलाच जाणवलं.

२

संध्याकाळी धाकटी भाजी निवडत बसली होती. लवंगीनं पाय धुतले, समोर येऊन बसली आणि विचारलं, "काय गं, आज काय झालं कारखान्यात?" एरवी हा प्रश्न विचारला की जेवण होईपर्यंत दुसरं काही बोलायची गरज पडत नसे.

"काही," धाकटी म्हणाली. मग थांबली. "नाही." मग पुन्हा थांबली. "झालं."

लवंगीला हसू आलं. कुणाची तरी नक्कल करतेय कार्टी, असं तिला वाटलं.

"अगं, नीट बोल की."

"नीटच. बोलते. आहे. ताई."

"पुरे झाला चावटपणा."

धाकटीनं वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. आपलं काय चुकलं हे तिला खरोखरच कळत नव्हतं. तिचे हात मात्र थांबले नव्हते. एक पान खुडायचं, टोपलीत टाकायचं. एक पान खुडायचं, टोपलीत टाकायचं. लवंगीच्या घरात घड्याळ नव्हतं. दिवसभर तेच ऐकून तिचे कान किटायचे. पण इतक्या वर्षांनी ठोका तिच्या हाडांत मुरला होता, आणि ती पानं कोणत्या ठोक्यावर पडताहेत हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिनं स्वतःची समजूत घातली. सवय असते. दिवसभर बसनं प्रवास केला की अंथरुणावर पडल्यावरही अंग हलल्यासारखं वाटतंच ना. दिवसभर मशीन चालवलं की तसंच होत असेल. चार दिवस सुट्टी घेतली की जाईल. हे सगळं तिला पटलंही असतं, पण तिनं सहज म्हणून धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. श्वास दोन ठोके आत येत होता आणि दोन ठोके बाहेर जात होता. जराही मागंपुढं नाही.

"ऊठ," लवंगी म्हणाली. "अंगणाला फेऱ्या मार. धावत. मी थांब म्हणेपर्यंत."

धाकटी बिचारी धावली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पुन्हा पुन्हा. वेणी सुटली, चेहरा लालबुंद झाला, मानेवरून घामाच्या धारा लागल्या. लवंगीनं तिला थांबवलं, जवळ ओढलं आणि छातीला कान लावला. जिला धाप लागायला हवी होती ती मुलगी दोन ठोके श्वास घेत होती आणि दोन ठोके सोडत होती.

"दमले. ताई," ती म्हणाली. "खूप. दमले."

लवंगीचं डोकं असं तापलं की तिला रडूसुद्धा आलं नाही. आपल्या बहिणीची साधी धापही कुणीतरी काढून घेतली होती. कुणी, ते कळत नव्हतं, आणि कानाखाली कुणाच्या वाजवावी हे कळत नसलं की राग फार वाईट होतो.

३

"साहेब, शिवणखात्याची तार तोडा."

तार ऑफिसचे साहेब पेन्सिलीला टोक काढत होते. ते नेहमी पेन्सिलीला टोकच काढत असत. लिहिताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. "घड्याळ चुकतंय का?"

"नाही."

"मागं पडतं?"

"नाही."

"मग? बरोबर चालणारं घड्याळ बंद करा म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"बरोबर चालतंय हीच माझी तक्रार आहे! त्या हॉलमधल्या बायका त्या लंबकाबरोबर श्वास घेताहेत. माझी बहीण घरी येऊनही घेतेय. तुम्ही तिथं जाऊन बघा, मग बोला."

साहेबांनी टोकावर फुंकर मारली. "कारखान्याचे मालक खूश आहेत. बँकेनंही आत्ताच विचारलंय, आमच्याकडे अशी शिस्त कधी लागेल म्हणून. तुम्ही थोडी विश्रांती घ्या, बाई. डोकं शांत ठेवा."

डोकं शांत ठेवा हे शब्द लवंगीला ज्यानं ज्यानं आजवर ऐकवले होते, त्याला त्याला ते महागात पडले होते. ती तिथून उठली आणि थेट तळघरात उतरली.

मोठं घड्याळ काचेच्या कपाटात आपलं काम करत होतं. शेजारच्या भिंतीवर गावात जाणाऱ्या तारांची टोकं ओळीनं लावलेली होती. तिनं कोर्टाच्या तारेला डबी जोडली. ठोका, शांतता, ठोका. दवाखाना. ठोका, शांतता, ठोका. मग तिनं शिवणखात्याची तार घेतली.

ठोका आला. आणि त्याच्यामागून जी शांतता यायला हवी होती ती आली नाही. तिथं काहीतरी होतं. पुष्कळ माणसांनी एकाच वेळी नाकानं हवा आत ओढावी तसं.

कुठंतरी तार झाडाच्या पानांना घासत असेल, तिनं स्वतःला सांगितलं. जोड सैल झाला असेल. तार इथून तिकडे बोलते, तिकडचं इथं यायची सोयच नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. अशा तारा जोडण्यात तिची हयात गेली होती. तिनं डबी कानावर आणखी दाबली. हवा आत गेली. बाहेर आली. त्या सगळ्या श्वासांच्या गर्दीत एका श्वासाच्या शेवटी बारीकशी शिटी वाजत होती.

धाकटीचं नाक लहानपणच्या एका दुखण्यापासून तशी शिटी वाजवायचं. त्या दुखण्यात लवंगी रात्ररात्र तिच्या उशाशी बसली होती. ती शिटी तिनं हजारात ओळखली असती.

पुढं काय झालं ते वरच्या मजल्यावरच्या कारकुनांनाही ऐकू आलं. साहेब धापा टाकत जिना उतरले, तेव्हा लवंगी भिंतीवरच्या मुख्य खटक्यापाशी उभी होती आणि खटक्याची मूठ तिच्या हातात होती.

"तोडता की पाडू?" ती ओरडली. "सगळ्या गावाची घड्याळं बंद करीन! कोर्ट बसेल, स्टेशन बसेल, तुमची ती बँक बसेल!"

"हात काढा तिथून."

"आधी तोंडातून शब्द काढा!"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते भ्याले होते आणि भ्याल्याचा त्यांना संताप आला होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "उद्या दुपारी लाइनमन तार तोडेल. नुसती तोडणार नाही, खांबांवरून उतरवून गुंडाळून आणेल. मग तुम्ही पुन्हा जोडा म्हणून आलात तर मी ऐकणार नाही. लाइनमनलाही तसं बजावून ठेवतो."

"जोडा म्हणून येतंय माझं खेटर!" लवंगी म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिवणखात्यात जाऊन उभी राहिली. डबी कानाला होती. मशिनी चालू होत्या, एकदम धावत, एकदम थांबत. खिडकीतून बाहेरचा खांब दिसत होता आणि त्यावर चढलेला लाइनमन. मॅनेजर तिच्या अंगावर ओरडत होता. त्याला बातमी लागली होती.

"कुणाच्या परवानगीनं? तुमच्या साहेबांना कोर्टात खेचतो! तुमची नोकरी घालवतो! तुम्हाला रस्त्यावर आणतो, समजलात काय?"

डबीतला ठोका बंद झाला. लाइनमननं वरून हात केला. खिडकीबाहेर तार सळसळत खाली गेली.

लवंगीनं वर पाहिलं. लंबक अजून हलत होता, पण आता त्याला पाठीमागून ढकलणारं कुणी नव्हतं. दर फेरीला तो थोडं थोडं कमी जात होता. थांब आता मेल्या, ती मनात म्हणाली. थांबलास की तुला खाली उतरवते आणि चांगली विहीर बघून फेकते.

"तुम्हाला रस्त्यावर आणतो," मॅनेजर पुन्हा म्हणाला, पण जरा हळू. लवंगीला बरं वाटलं. आला ताळ्यावर, असं तिला वाटलं. या हॉलनं तिच्याकडून आजवर जे जे ऐकलं नव्हतं ते सगळं तिनं त्याला ऐकवलं. बायकांची जेवणं, बायकांचे पाय, बायकांचे डोळे, काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. मॅनेजर उलट बोलत होता. भुवया ताणलेल्या, बोट रोखलेलं, ओठ हलत होते. आवाज मात्र येत नव्हता. रोखलेलं बोट दर वेळी आधीपेक्षा जरा कमी उचललं जात होतं.

ती बोलायची थांबली. तेव्हा तिला कळलं की हॉलमध्ये तिच्या एकटीचाच आवाज होता.

कुणी पडलं नव्हतं. कुणी उठलंही नव्हतं. सगळ्या बायका शिवत होत्या. पायपट्ट्या खाली जात होत्या, पण पुरत्या जात नव्हत्या. सुया उतरत होत्या, पण कापडापर्यंत पोचत नव्हत्या. जो तो करायचं ते करत होता, फक्त दर ठोक्याला त्यातलं थोडं कमी होत होतं. वर लंबक बोटभर इकडे जात होता, बोटभर तिकडे.

"धाकटे!"

धाकटीनं मान वळवायला घेतली. ती पुरती वळलीच नाही. लवंगीनं तिला काखेत धरून उचललं. पोर अंगात काही नसल्यासारखी हलकी लागली. तिनं तिला दारातून बाहेर ओढलं, अंगणात, उन्हात नेलं, तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या. हॉलपासून लांब नेलं म्हणून काही होणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. घरच्या अंगणातल्या त्या फेऱ्यांच्या वेळीच ते कळलं होतं. तरी तिनं नेलं. श्वास फळीवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलावं एवढाच उरला होता, पण अजूनही मोजून मापून.

"ता," धाकटी म्हणाली. पुढचं अक्षर आलं नाही.

लवंगीनं तिला तशीच उचलून परत आत आणली, घड्याळाखालच्या भिंतीला टेकवून बसवली आणि शिडी लावली.

५

गोळ्याला बोट लावाल तर बोट मोडीन, असं तिनं आजवर किती जणांना दमात घेतलं असेल याचा हिशेब नव्हता. पेटी उघडून तिनं आपलं बोट त्या थंड गोळ्याला लावलं आणि ढकललं.

सगळ्या हॉलनं श्वास घेतला. ती शिडीवरून पडता पडता राहिली. दुसरा धक्का. पायपट्ट्या खाली गेल्या. तिसरा. सुया धावल्या, आणि पाठीमागून मॅनेजरचा आवाज मधूनच सुरू झाला, "—आणतो, समजलात काय!" खाली धाकटीच्या ओठांवर रंग आला.

लवंगीनं हात काढून पाहिला. लंबक चारदोन फेऱ्या नीट गेला आणि मग भराभर आटायला लागला, मघाच्यापेक्षा फार लवकर. तिनं घाईनं पुन्हा बोट लावलं.

खिडकीतून लाइनमन दिसत होता. तारेचं भेंडोळं गाड्यावर टाकून तो दोरी बांधत होता.

"अरे ए!" ती जीव खाऊन ओरडली. "जोड ती! परत जोड! माणसं मरताहेत इथं!"

त्यानं वर पाहिलं. तो हसला. बाई असं म्हणतील, हे त्याला साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं तिला हात हलवून निरोप दिला, दोरीची गाठ ओढून पाहिली आणि गाड्याला खांदा लावला.

लवंगीनं त्याला शिव्या दिल्या. साहेबांना दिल्या, त्यांच्या पेन्सिलीला दिल्या, मालकाला, मॅनेजरला, तळघराला दिल्या. हॉलमधली एकही बाई तिच्याकडे पाहत नव्हती. उठून साहेबांकडे धाव म्हणून सांगावं असं तिथं कुणी उरलं नव्हतं. स्वतःचा श्वास कसा चाललाय हे बघायला तिला फुरसत नव्हती. राग दंडातून उतरून बोटात आला, आणि तिनं लंबकाला असा धक्का मारला की गोळा पेटीच्या भिंतीवर जाऊन आदळला.

हॉलभर पायपट्ट्या खाडकन खाली गेल्या. दोरे तुटले. कुणाची तरी सुई बोटातून आरपार गेली आणि ती बाई ओरडलीसुद्धा नाही. सगळ्या छात्या फुटतील अशा फुगल्या. शिडीखाली धाकटीचं डोकं भिंतीवर आपटलं. तिनं वर पाहिलं. तिच्या नाकातून रक्ताची बारीक धार ओठापर्यंत आली होती, आणि आज पहिल्यांदाच ती बहिणीकडे पुरतं पाहत होती.

"ताई," ती म्हणाली. "हळू. दुखतं. गं."

रस्त्यावरचा गाडा कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला. लवंगीच्या तोंडात अजून पुष्कळ काही होतं. ते तिनं गिळलं, डाव्या हातानं शिडी घट्ट धरली, आणि लंबक परत आल्यावर त्याला अगदी हळू ढकललं.